मोटारीची बैठक: सस्पेन्शन आणि चाकांतील मिलिमीटरांचा हिशेब

विषय: वाहन अभियांत्रिकी
पूर्वज्ञान: स्प्रिंगचा ताठरपणा, बलाचा मोमेंट, साधी कंपने



शोरूममधून नुकतीच बाहेर आलेली एखादी छोटी मोटार बाजूने पाहा. चाकाच्या वर, मडगार्डच्या कमानीत, अख्खी मूठ मावेल एवढी पोकळी दिसते. मागून पाहिले तर चाके पत्र्याच्या आत ओढून घेतल्यासारखी वाटतात. आखाड्यात ठाण मांडून उभा असलेला पैलवान आणि नुसता उभा असलेला माणूस यांत जो फरक असतो, तोच फरक हौशी मालकाला आपल्या गाडीत घडवायचा असतो. यालाच गाडीचा स्टान्स म्हणतात. या पाठात आपण त्याला बैठक म्हणू.

बैठक सुधारण्याचे दोन मार्ग आहेत. एक, चाक बाहेर घेणे. दोन, गाडी खाली घेणे. गॅरेजमध्ये बहुतेक जण दुसऱ्या मार्गाने सुरुवात करतात, कारण त्याचा परिणाम लगेच डोळ्यांत भरतो. पण दोन्ही मार्गांची किंमत सारखी नाही. चाक थोडे बाहेर घेण्याची किंमत लहान असते आणि कागदावर मोजता येते. गाडी खाली घेतल्यावर मात्र प्रत्येक मिलिमीटर सस्पेन्शनच्या चालीतून वजा होतो, आणि गाडी माणसांनी भरलेली असताना हीच चाल सर्वांत कमी उरलेली असते. म्हणून आधी चाक, मग उंची, आणि उंचीतही हात आखडता. असे का, ते आता आकड्यांनी पाहू.

पाठातील उदाहरणांसाठी आपण एक नमुना गाडी धरली आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम असलेली छोटी हॅचबॅक. तिचे आकडे हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. स्वतःच्या गाडीचे आकडे तुम्ही स्वतः मोजायचे आहेत.

१. आधी मोजमाप

गाडी सपाट फरशीवर उभी करा. टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे भरा. डिकीतले सामान काढा. मग प्रत्येक चाकाशी तीन मापे घ्या.

(अ) कमानीची उंची: हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर. जमिनीपासून मोजू नका. जमिनीपासूनच्या मापात टायरची उंची आणि हवा मिसळते, हबपासूनचे माप फक्त सस्पेन्शनची स्थिती सांगते.

(आ) ओळंब्याचे अंतर: गवंडी वापरतो तो ओळंबा मडगार्डच्या कडेवरून सोडा आणि दोरीपासून टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचे आडवे अंतर मोजा. चाक किती 'आत' आहे ते यावरून कळते.

(इ) उरलेली चाल: सस्पेन्शन दबत दबत बंप स्टॉपला, म्हणजे चालीच्या शेवटी बसवलेल्या रबराच्या किंवा फोमच्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत चाक किती वर जाऊ शकते ते अंतर.

पहिली दोन मापे दिसण्याची आहेत, तिसरे जपण्याचे. बहुतेक जण तिसरे माप घेतच नाहीत.

२. टायरचा व्यास: बदलू नये अशी गोष्ट

टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा रिमचा व्यास इंचांत. म्हणून

बाहेरचा व्यास = रिमचा व्यास × २५.४ + २ × रुंदी × (प्रोफाइल ÷ १००)

काही मापांचे व्यास काढून पाहू:

१६५/८० आर १४: ३५५.६ + २६४ = ६१९.६ मिमी
१८५/६५ आर १५: ३८१ + २४०.५ = ६२१.५ मिमी
१९५/५५ आर १६: ४०६.४ + २१४.५ = ६२०.९ मिमी
२०५/४५ आर १६: ४०६.४ + १८४.५ = ५९०.९ मिमी

पहिली दोन मापे २०१८ च्या मारुती सुझुकी स्विफ्टच्या वेगवेगळ्या प्रकारांवर कंपनीनेच दिली होती. रिम एक इंचाने बदलले, तरी व्यासातला फरक २ मिलिमीटरच्या आत आहे. हा योगायोग नव्हे. स्पीडोमीटर, एबीएस, गिअरचे गुणोत्तर आणि कमानीतील जागा हे सगळे या व्यासावर बेतलेले असते. तिसरे मापही याच पट्ट्यात बसते, म्हणून १६ इंची रिम घ्यायचेच असेल तर हिशेब तिथे जुळतो.

चौथे माप पाहा. व्यास जवळजवळ ५ टक्क्यांनी घटला. स्पीडोमीटर ताशी १०० किलोमीटर दाखवेल तेव्हा खरा वेग सुमारे ९५ असेल. गाडी १५ मिमी खाली येईल, पण कमानीतली पोकळी उलट १५ मिमीने वाढेल, कारण हबचे स्थान तेच राहून टायर लहान झाला आहे. म्हणजे जमिनीपासूनची उंचीही गेली आणि रूपही बिघडले. व्यास दोन टक्क्यांहून जास्त बदलू नये, हा नियम पाळलेला बरा. व्यास वाढवतानाही सावध राहा, कारण तेव्हा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकतो.

टायरवरचा भारनिर्देशांकही वाचा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५ किलो, ८३ म्हणजे ४८७ किलो. टायरची भिंत बुटकी करत गेलो की त्यातील हवेचे आकारमान घटते आणि भारक्षमताही बहुधा घटते. मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांकाचा टायर बसवू नका. शिवाय बुटकी भिंत म्हणजे खड्ड्याच्या धारेवर रिम आपटण्याची शक्यता जास्त.

३. रिमची रुंदी आणि ऑफसेट

चाक बाहेर किती येईल हे दोन आकडे ठरवतात: रिमची रुंदी आणि ऑफसेट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला टेकते ती पाठ यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर 'ईटी ४५' असे कोरलेले असते. याचा अर्थ पाठ मध्यापासून ४५ मिमी बाहेरच्या बाजूला आहे. ऑफसेटचा आकडा कमी केला की चाक बाहेर येते.

बाहेरची कड (पाठीपासून) = रुंदी ÷ २ − ऑफसेट
आतली कड (पाठीपासून) = रुंदी ÷ २ + ऑफसेट

नमुना गाडीचे मूळ रिम ५.५ इंच रुंद, म्हणजे १३९.७ मिमी, आणि ईटी ४५ धरू.
बाहेरची कड = ६९.९ − ४५ = २४.९ मिमी
आतली कड = ६९.९ + ४५ = ११४.९ मिमी

आता ६ इंच रुंद, म्हणजे १५२.४ मिमी, आणि ईटी ३८ असे रिम घेऊ.
बाहेरची कड = ७६.२ − ३८ = ३८.२ मिमी
आतली कड = ७६.२ + ३८ = ११४.२ मिमी

निकाल नीट वाचा. बाहेरची कड १३ मिमीहून थोडी अधिक बाहेर आली, पण आतली कड होती जवळपास तिथेच राहिली. स्ट्रट, ब्रेकचा पाइप, आतले प्लास्टिक यांना धक्का नाही. टायरची काटछेद रुंदी रिम अर्धा इंच रुंदावल्यावर साधारण ५ मिमी वाढते. म्हणून तोच १८५ चा टायर ठेवला तर त्याचा बाहेरचा फुगवटा सुमारे ९.५ मिमी बाहेर येईल (चाकाचा मध्य ७ मिमी, अधिक अर्धी वाढ २.५ मिमी). ओळंब्याचे मूळ अंतर २० मिमी असेल तर १० मिमीहून थोडे अधिक उरते. चाक कडेजवळ आले, पण कडेबाहेर गेले नाही.

हे दहा मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले तर दोन्ही बाजू मिळून फरक स्पष्ट दिसतो. चाकाची बाहेरची कड पत्र्याच्या रेषेजवळ आली की पोकळीतली सावली कमी होते, आणि गाडी खाली न घेताही खाली बसल्यासारखी दिसते. 'सूक्ष्म बदल' म्हणतात तो हाच.

४. हबवरची बसणी

रिम विकत घेताना रंग आणि डिझाइन सगळे जण पाहतात. त्याआधी पुढच्या चार गोष्टी पाहा.

पीसीडी: नटांची छिद्रे ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. स्विफ्टला ४ नट आणि १०० मिमी असतो. फियाटच्या पुंटो आणि लिनियाला ४ नट पण ९८ मिमी. १०० चे रिम ९८ च्या हबवर ढकलून बसते असे वाटते, पण प्रत्येक बोल्ट १ मिमी तिरका ओढला जातो, त्याची शंकूची बैठक पूर्ण टेकत नाही आणि पुढे तो ढिला होतो. जवळपास बसते म्हणजे बसते असे नव्हे.

मधले छिद्र: स्विफ्टच्या हबचा मधला व्यास ५४.१ मिमी आहे. बाजारातील अलॉय रिम अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे छिद्र मोठे ठेवलेले असते. मधली फट भरायला योग्य मापाची हब रिंग घाला. नाही तर रिमचे केंद्र फक्त नटांवर ठरते आणि वेगात स्टिअरिंग थरथरते.

नटाची बैठक: काही रिमना शंकूच्या आकाराचा नट लागतो, काहींना गोल बैठकीचा. अदलाबदल केली तर नट नुसता कडेवर टेकतो. तसेच नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाएवढा चढला पाहिजे. १२ मिमीच्या स्टडवर किमान १२ मिमी. स्पेसर घातला की नेमकी हीच लांबी कमी होते, म्हणून ऑफसेट स्पेसरने साधण्यापेक्षा योग्य ऑफसेटचे रिमच घ्यावे.

भारक्षमता: रिमच्या आतल्या बाजूला कमाल भार कोरलेला असतो, आणि जपानी मानकाचे जेडब्ल्यूएल हे चिन्हही बऱ्याचदा दिसते. ज्या रिमवर भाराचा आकडाच नाही ते स्वस्त असले तरी नको.

नट टॉर्क रेंचने, तिरप्या क्रमाने आवळा आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

५. स्क्रब रेडियस: बाहेर घेण्याला मर्यादा का

मग चाक दहा मिमीच का, तीस का नको? उत्तर स्टिअरिंगच्या अक्षात आहे. पुढचे चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली वाढवला की जमिनीला एका बिंदूत मिळतो. त्या बिंदूपासून टायरच्या टेकणीच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. टायरचा मध्य बिंदूच्या बाहेर असेल तर धन, आत असेल तर ऋण.

१९७२ च्या ऑडी ८० या गाडीने ऋण स्क्रब रेडियसची कल्पना गाजवली. एका बाजूचे चाक कोरड्या डांबरावर आणि दुसऱ्या बाजूचे ओल्या मातीवर असताना ब्रेक दाबला, तर गाडी जास्त पकड असलेल्या बाजूला ओढली जाते. ऋण स्क्रब असेल तर ब्रेकचे बल चाकाला त्या ओढीच्या विरुद्ध वळवू पाहते. धन असेल तर ओढीत भर घालते. तिरपे विभागलेले ब्रेक सर्किट असलेल्या गाड्यांत एक सर्किट निकामी झाले, तर याच गुणाचा आधार असतो.

समजा नमुना गाडीचा स्क्रब रेडियस −५ मिमी आहे. ऑफसेट ७ मिमीने कमी केला की तो +२ होईल. दोन्ही बाजूंच्या ब्रेकबलांतील फरक १००० न्यूटन असेल तर अक्षाभोवतीचा मोमेंट १००० × ०.००२ = २ न्यूटन-मीटर. हाताला जाणवणारही नाही. आता २५ मिमीचा स्पेसर घाला. स्क्रब +२० होईल आणि मोमेंट २० न्यूटन-मीटर, तोही नको त्या दिशेने. ज्या क्षणी चालकाला गाडी सरळ हवी असते, त्याच क्षणी स्टिअरिंग हातातून फिरू पाहते. हबच्या बेअरिंगवरचा मोमेंटही याच प्रमाणात वाढतो.

म्हणून व्यवहारात ५ ते १० मिमी ही समजूतदार हद्द. पुढची आणि मागची चाके मिळून बदला, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून, सस्पेन्शन दाबून, कुठे घासत नाही ना ते पाहा.

६. गाडी खाली घेणे: चालीचा जमाखर्च

नमुना गाडीच्या मागच्या एका चाकाचा हिशेब मांडू.

फक्त चालक असताना स्प्रिंगवर पेललेले वस्तुमान: १६० किलो
चाकाशी मोजलेला ताठरपणा: २० न्यूटन प्रति मिमी
बंप स्टॉपपर्यंत उरलेली चाल: ९० मिमी

आता मागे तीन माणसे बसली, डिकीत बॅगा आल्या. मागच्या आसावर २०० किलो वाढले, म्हणजे एका चाकावर १०० किलो, ९८१ न्यूटन.

भाराने बसलेली उंची = ९८१ ÷ २० = ४९ मिमी
उरलेली चाल = ९० − ४९ = ४१ मिमी

खड्ड्याचा धक्का या ४१ मिमीत जिरला पाहिजे. स्प्रिंग या अंतरात जास्तीची किती ऊर्जा साठवू शकते?

ऊर्जा = ½ × ताठरपणा × चाल × चाल = ½ × २० × ४१ × ४१ = १६,८१० न्यूटन-मिमी, म्हणजे सुमारे १६.८ जूल

आता ३० मिमी खाली घेणारी, २५ टक्के ताठर स्प्रिंग बसवा. ताठरपणा २५, फक्त चालक असताना चाल ६० मिमी.

भाराने बसलेली उंची = ९८१ ÷ २५ = ३९ मिमी
उरलेली चाल = २१ मिमी
ऊर्जा = ½ × २५ × २१ × २१ = ५,५१२ न्यूटन-मिमी, सुमारे ५.५ जूल

गाडी खाली आली ३० मिमी, आणि धक्का झेलण्याची स्प्रिंगची ताकद एक तृतीयांशावर आली. कारण ऊर्जेत चालीचा वर्ग येतो. शॉकअप काही ऊर्जा खातो आणि बंप स्टॉपही थोडी झेलतो, त्यामुळे हे चित्र ढोबळ आहे. दिशा मात्र बदलत नाही.

१५ मिमी आणि २२ न्यूटन प्रति मिमी घेतले तर? उरलेली चाल ७५ − ४४.६ = ३०.४ मिमी, ऊर्जा १०.२ जूल. मूळच्या साठ टक्के. अर्धे अंतर खाली घेतले की नुकसान बरेच आवरते, पण शून्य होत नाही.

कोणी म्हणेल, स्प्रिंग आणखी ताठर करू. ३० मिमी खाली घेऊनही १६.८ जूल टिकवायचे तर ताठरपणा सुमारे ३४ न्यूटन प्रति मिमी लागतो, म्हणजे मूळच्या १.७ पट. मग एकट्या चालकाने चालवताना मागच्या बाजूची नैसर्गिक वारंवारिता १.८ हर्ट्झवरून २.३ हर्ट्झवर जाते. रस्त्यावरची प्रत्येक कच पाठीला कळेल. शॉकअपचे मंदन मूळचेच राहिले तर मंदन-गुणोत्तरही घटते, कारण क्रांतिक मंदन ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १.७ चे वर्गमूळ १.३, म्हणजे जुना शॉकअप गरजेच्या सुमारे ७७ टक्केच काम करील. गाडी कडकही होईल आणि उड्याही मारील.

या हिशेबात खरा धोका कोणाला आहे ते लक्षात घ्या. सोमवारी सकाळी एकटाच कामाला निघालेला मालक ६० मिमी चाल घेऊन जातो आणि त्याला गाडी झकास वाटते. दिवाळीला घरच्यांना घेऊन गावी निघालेल्या त्याच गाडीत २१ मिमी उरलेले असतात. वळणावर खड्डा आला आणि मागचे सस्पेन्शन ठोकळ्यावर आपटले, तर त्या चाकाचा ताठरपणा एकदम कित्येक पट होतो, टायरची पकड उडते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू शकतो. बदल करणारा पुढे बसतो, त्याची किंमत मागे बसलेले मोजतात.

७. कॉइल कापणे

'एक वेढा कापून देतो' हा स्वस्तातला उपाय अजूनही सुचवला जातो. स्प्रिंगचा ताठरपणा कार्यरत वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहातला एक कापला की ताठरपणा ६ ÷ ५ = १.२ पट. ताठरपणा किती वाढला ते कापणाऱ्याने मोजलेलेही नसते. मूळ स्प्रिंगचे टोक बैठकीच्या खाचेत बसेल असे वळवलेले असते, कापलेले टोक तिथे बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबते तेव्हा आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सैल होते, खडखडते, आणि जागा सोडू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे याहून वाईट, कारण पोलादाला दिलेले उष्णतासंस्कार त्या जागी नष्ट होतात आणि ती पुढे बसतच जाते किंवा तुटते.

खाली घ्यायचेच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेली पूर्ण स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप, दोन्ही एकत्र घ्या.

८. भूमिती आणि मिळणारा फायदा

गाडी खाली आली की पुढच्या स्ट्रटचा खालचा आर्म आडव्याच्या जवळ किंवा आडव्याच्याही वर जातो. तिथून पुढे दबताना मिळणारा ऋण कॅम्बर घटू लागतो, आणि रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जाते. म्हणजे खाली घेतलेली गाडी मऊ स्प्रिंगवर वळणात जास्तही कलू शकते. टाय रॉडचा कोन बदलल्याने टो बिघडतो आणि टायरची कड महिन्याभरात झिजू लागते. म्हणून अलाइनमेंट हा पर्याय नव्हे, कामाचाच भाग आहे. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावा.

रस्त्यावरच्या फायद्याचा आकडाही प्रामाणिकपणे काढू. वळणावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारा भार गुरुत्वमध्याची उंची भागिले चाकांमधील रुंदी या प्रमाणात असतो. उंची ५४० वरून ५२५ मिमी आणि रुंदी १४८० वरून १४९४ मिमी झाली, तर हा भार सुमारे ३.७ टक्क्यांनी घटतो. फायदा आहे, पण लहान. बैठक मुख्यतः दिसण्यासाठी सुधारली जाते हे मान्य करूनच निर्णय घ्यावा.

९. आपला गतिरोधक

भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार, ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. नमुना गाडीचा व्हीलबेस २.४५ मीटर. गाडी गतिरोधकाच्या बरोबर मधोमध आली की चारही चाके त्याच्या उतारावरच असतात, म्हणून पोटाखाली उंचवटा फक्त इतका येतो:

(व्हीलबेस ÷ २) चा वर्ग ÷ (२ × त्रिज्या) = १.२२५ × १.२२५ ÷ ३४ = ०.०४४ मीटर = ४४ मिमी

मानक गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीलाही सोसतो. पण गल्लीतला, लोकांनी स्वतः घातलेला आखूड उंचवटा दोन आसांच्या मध्ये पूर्ण मावतो, आणि आपली पूर्ण उंची वसूल करतो. रिकाम्या गाडीची तळाची उंची १६० मिमी, भरल्यावर मध्यभागी सुमारे ३० मिमी घट, उरले १३०. असा १२० मिमीचा उंचवटा आला तर १० मिमी शिल्लक. गाडी केवळ १५ मिमी खाली घेतली तरी तळ घासतो. ऑफसेट बदलल्याने यातला एकही मिलिमीटर खर्च होत नाही.

१०. कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सर्वांत निर्धोक वाट अशी: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारावर कंपनीने दिलेले रिम आणि टायरचे माप घ्या. ते माप पुस्तिकेत किंवा दरवाजाच्या खांबावरील पट्टीवर असते. याहून वेगळे काही करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

११. कामाचा क्रम

१) तीनही मापे घ्या आणि लिहून ठेवा.
२) जुने शॉकअप, बुश आणि बेअरिंग आधी नीट करा. बसलेली स्प्रिंग नवी घातल्यानेही गाडी चारही बाजूंनी सारखी उभी राहते, आणि बैठक निम्मी तिथेच सुधारते.
३) व्यास जवळपास तोच ठेवून टायर निवडा.
४) आतली कड जिथल्या तिथे राहील असे रुंदी व ऑफसेट निवडा.
५) एवढे करून गाडी महिनाभर चालवा आणि पाहा.
६) तरीही उंची खुपत असेल तर भरलेल्या गाडीचा चालीचा हिशेब मांडा, आणि उत्तर पटले तरच १५ मिमीपर्यंत जा.
७) शेवटी अलाइनमेंट, हेडलाइट आणि नटांची फेरतपासणी.

सारांश

बैठक ही मिलिमीटरांची गोष्ट आहे, आणि प्रत्येक मिलिमीटर कुठून तरी घेतलेला असतो. ऑफसेटमधून घेतलेले सात मिलिमीटर स्टिअरिंग आणि बेअरिंगकडून येतात आणि ते त्यांना पेलतात. स्प्रिंगमधून घेतलेले तीस मिलिमीटर भरलेल्या गाडीतील माणसांच्या वाट्याचे असतात. हिशेब नेहमी सर्वांत जास्त भाराचा करा, रिकाम्या गाडीचा नव्हे.

स्वाध्याय

१) ५.५ इंच ईटी ४५ ऐवजी ६.५ इंच ईटी ३५ रिम घेतले, तर दोन्ही कडा किती सरकतील? (उत्तर: बाहेरची २२.७ मिमी बाहेर, आतली २.७ मिमी आत.)

२) विभाग ६ मधील चाक २० मिमी खाली घेऊन ताठरपणा २४ न्यूटन प्रति मिमी केला, तर पूर्ण भारावर उरलेली चाल आणि ऊर्जा काढा. (उत्तर: २९.१ मिमी, सुमारे १०.२ जूल.)

३) व्हीलबेस २.६ मीटर असेल तर मानक गतिरोधकावर पोटाखाली किती उंचवटा येईल? (उत्तर: सुमारे ५० मिमी.)

४) स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची विभाग १ मधील पहिली दोन मापे आधी रिकामी असताना आणि मग मागे तीन जणांना बसवून घ्या. कमानीची उंची जेवढी घटली तेवढी चाल त्या तिघांनी वापरली. उरलेल्या चालीतून तुम्ही किती द्यायला तयार आहात, ते कारणासह लिहा.